खुलासा : ‘गोव्यात 20 टक्के लोकांना फ्लू’ हा मेसेज चुकीचा आहे

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. 20 टक्के हा पॉझिटिव्हिटी दर आहे. 50 नमुने तपासले आणि 10 मध्ये इन्फ्लुएन्झा (म्हणजे फ्लू) सापडला, तर दर 20 टक्के. नमुने घेतले जातात ते आजारी माणसांचेच: 38 अंश किंवा जास्त ताप, खोकला, आजार 10 दिवसांच्या आतला, आणि गंभीर गटात श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण. निरोगी माणसं त्यात नसतात, म्हणून तो आकडा लोकसंख्येला लावता येत नाही. नमुने मोजकेच असले की दोन-चार रुग्णांनीही दर उसळतो. त्यामुळे एकूण नमुने आणि मागचे काही आठवडे सोबत पाहावेत. पावसाळ्यात फ्लू वाढतोच. धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा. मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.