विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात

बी.एड.ला उद्या शिकवायच्या पाठाचा आराखडा आधी लिहून काढावा लागतो, त्याला पाठ टाचण म्हणतात. त्या कागदावर उभे रकाने असतात. अध्यापन मुद्दा, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, शैक्षणिक साधने, फलक लेखन, मूल्यमापन. बाकीचे रकाने भरताना जीव मेटाकुटीला येतो, ‘विद्यार्थी कृती’ मात्र डोळे मिटून भरता येते. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी प्रतिकृतीचे निरीक्षण करतात.’ ‘विद्यार्थी फलकावरील मुद्दे वहीत लिहून घेतात.’ रात्री पोरगं झोपलं, भांडी पालथी पडली, की परभणीतल्या आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी आठवीच्या अख्ख्या वर्गाचं दुसऱ्या दिवशीचं वागणं लिहून ठेवायचे. कुडमुड्या जोशालाही एवढी खात्री नसते.

एम.ए. झालेली सून घरात असली की आमच्याकडे ज्याला त्याला तिच्या बी.एड.ची काळजी. मग सीईटी झाली, राउंड झाले, कॉलेज मिळालं, फी भरली. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. एनसीटीईनं, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं, २०१४ साली नियम बदलले आणि २०१५-१६ पासून तो दोन वर्षांचा झाला. माझे मोठे दीर जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मास्तर आहेत. पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, “आमच्या टायमाला एका वर्षात मास्तर तयार व्हायचा. आता दोन लागायलेत. म्हणजे माल कच्चा यायलाय.”

सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं होते. हे प्रकरण १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालं. एका वेळी एकच कौशल्य, मोजकी मुलं, मोजकी मिनिटं. आपल्याकडं त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र असतं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला ते ऐकून घेणं), बारा मिनिटं फेरनियोजन, सहा मिनिटं तोच पाठ पुन्हा आणि शेवटी परत सहा मिनिटं प्रत्याभरण. खरी मुलं रोज कुठून आणणार? म्हणून वर्गमित्रच मुलं होऊन बसतात. माझ्या ‘सातवी’त गंगाखेडकडचे एक गृहस्थ होते. भरघोस मिशा, दोन लेकरांचे बाप, गावाकडं ऊस. वर्गात एरवी ते मला ‘ताई’ म्हणत, पण माझा पाठ सुरू झाला की करंगळी वर करून, “मॅडम, जाऊन येऊ का?” त्यांना गप्प कसं करावं, हे कुठल्याच कौशल्यात बसत नव्हतं.

त्या कौशल्यांपैकी प्रबलन माझ्या अंगात भिनलं. विद्यार्थ्यानं काही बोललं की मान डोलवायची, हसायचं, ‘छान’, ‘अगदी बरोबर’ म्हणायचं आणि त्याचं उत्तर फळ्यावर लिहायचं. एके दिवशी जेवताना सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, “वरणात मीठ नाही.” मी मान डोलवून म्हटलं, “अगदी बरोबर! छान निरीक्षण!” त्यांनी ताटावरून माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं पाहिलं. “हिला काय झालंय की,” एवढंच म्हणाल्या आणि मिठाचं भांडं स्वतःच ओढून घेतलं.

पुढं पाठाच्या पायऱ्या घालून देणारा शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट आला. योहान फ्रीडरिक हर्बार्ट, जन्म १७७६, गाव ओल्डेनबुर्ग, देश जर्मनी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मी कळायला लागल्यापासून ऐकतेय, पण त्याचा लेखी पुरावा बी.एड.ला मिळाला. जर्मनीतला माणूस गेला १८४१ साली, आणि वसमत रोडच्या कॉलेजात आम्ही अजून त्याच्या पायऱ्या चढतोय: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या पायऱ्या चारच होत्या. त्याच्या माघारी शिष्यांनी त्या पाच केल्या. मास्तरकीत कागद वाढवणारे शिष्यच असतात, हे तेव्हापासूनचं आहे.

ह्या पायऱ्यांतली पहिलीच घाम काढते. आज काय शिकवणार, ते मास्तरानं आधी बोलायचं नाही. असे प्रश्न विचारत जायचं की घटकाचं नाव मुलांच्याच तोंडून पडलं पाहिजे. ते पडलं की आपण आनंदानं ‘चला तर मग’ म्हणायचं आणि फळ्यावर लिहायचं. ह्याला हेतुकथन म्हणतात. म्हणजे सगळ्या वर्गाला माहीत, मागं बसलेल्या निरीक्षकांना माहीत, आपल्या हातातल्या टाचणात ठळक लिहिलेलं, तरी ते कुणाला तरी ऐनवेळी सुचल्यासारखं दिसलं पाहिजे.

जिंतूर रोडच्या एका गावातल्या शाळेत माझा हैदराबाद मुक्तिसंग्रामावर पाठ होता. साधन म्हणून चारमिनार. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ सालीच बंदी आली, पण ती बी.एड.वाल्यांच्या नवऱ्यांना कुणी कळवलेली नाही. ह्यांनी दोन रात्री बसून कटरनं चार मिनार कापले आणि घर पांढऱ्या गोळ्यांनी भरलं. त्या गोळ्या झाडूला चिकटतात, साडीला चिकटतात, कणकेतसुद्धा निघतात. बसमधून चारमिनार मांडीवर घेऊन गेले. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट काढू का म्हणून विचारलं.

निरीक्षक सर शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी आमच्याच दोन मैत्रिणी, हातात निरीक्षण तक्ते. मी प्रश्नांना हात घातला.

“आपल्या गावात झेंडावंदन केव्हा केव्हा होतं?”

“सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर!” सगळा वर्ग एका सुरात. बाकी महाराष्ट्रातल्या मुलांना तीनच झेंडे सांगता येतात. आमच्या मुलांना चौथाही पाठ असतो, कारण पंधरा ऑगस्ट १९४७ ला इथं निजामाचंच राज्य होतं आणि आमचं स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला आलं.

“छान! मग सतरा सप्टेंबरचा झेंडा आपण का लावतो?”

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली. हात मागं बांधून तिनं शांतपणे विचारलं, “मॅडम, एवढ्यात सांगायचं का? तुमचा अजून एक प्रश्न राहिलाय ना?”

ह्या शाळेत दर वर्षी बी.एड.वाले येतात. मुलांना पाचवीपासून हर्बार्ट तोंडपाठ. कुठल्या प्रश्नाला थांबायचं, कुठल्याला एकदम ओरडायचं, साधन बाहेर निघालं की कधी ‘वाऽऽ’ करायचं, सगळं ठरलेलं. चारमिनार टेबलावर ठेवला तेव्हा ‘वाऽऽ’ झालं, पण लगेच मागून आवाज आला, “ह्याच्यात लाइट नाही का? मागच्या मॅडमच्या विहिरीत मोटर होती.”

पाठ मात्र सुरळीत चालला. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ झाले, ज्यांच्या नावाच्या नांदेडच्या विद्यापीठाची पदवी मला मिळायची होती. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार झाले. तेवढ्यात खिडकीजवळचा एक पोरगा, आतापर्यंत चकार शब्द न काढलेला, उठून म्हणाला, “मॅडम, माझ्या पणजोबाला पेवात घातलं होतं.”

टाचणात हे नव्हतं. मी म्हटलं, “म्हणजे?”

“रझाकार आले तवा. जमिनीत ज्वारी साठवायचं पेव असतंय ना, त्याच्यात उतरवलं अन् वरून कडबा टाकला. आजी सांगती.”

“खोटं बोलायलाय मॅडम,” दुसरा उठला. “पेवात माणूस गुदमरून मरतंय. दिवा टाकून बघावा लागतो आधी.”

“भरल्या पेवात मरतंय. रिकामं होतं ते!”

“रिकामं कशानं?”

“ज्वारी रझाकारानंच नेली होती की!”

अख्खा वर्ग त्या दोघांकडं वळला. कुणी खिडकीबाहेर बघेना, कुणी पेन्सिलला टोक करेना. पणजोबा किती वेळ आत होते, पाणी कसं दिलं, खोकला आला तर काय, प्रश्नांवर प्रश्न. दोन वेण्यांची पोरगीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती. रात्रीच्या माझ्या भाकितातलं ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ शब्दशः खरं झालं, फक्त ‘शिक्षक कृती’च्या रकान्यात मी काहीच करत नव्हते. निरीक्षक सरांनी घड्याळाकडं पाहिलं, सही केली आणि चहाला गेले. शेरा असा होता: ‘विद्यार्थ्यांना अवांतर बोलू देऊ नये. फळ्याची उजवी बाजू कोरी. आवाज चांगला.’ मैत्रिणींनीही तक्त्यात आवाज चांगला असल्याचं लिहिलं. तो आवाज त्या पोरांचा होता, हे माझं मत.

दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. ह्याला आंतरवासिता म्हणतात. आम्ही फाटकात दिसलो की कायमच्या गुरुजींचे चेहरे उजळायचे. “या मॅडम, आता आमचं ऑनलाइन उरकतं बघा.” ते माहिती भरायला ऑफिसात, आम्ही त्यांच्या तासावर. तास नसला की पोषण आहाराचं रजिस्टर माझ्याकडं: पाचवीपर्यंत माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी दीडशे, त्याला हजेरीनं गुणायचं आणि पोत्यातल्या शिलकीशी जुळवायचं. अख्ख्या बी.एड.मध्ये हे एकच काम असं भेटलं, ज्यात विद्यार्थी कृती अगोदर लिहिली तरी हमखास जुळते.

पदवी हातात आली म्हणजे मास्तर झालो, असं नाही. आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा: दीडशे प्रश्न, अडीच तास. मग टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: दोनशे प्रश्न, दोन तास. दोन्ही परीक्षांची नावं अशी ठेवलीत की घरच्यांना मी एकच परीक्षा परत परत देतेय असं वाटतं. मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, आणि त्यावर जाहिरात येण्याची वाट. त्यात ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, तिथं डी.एड.वालेच हवेत. आत्याबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “एवढी जागरणं करून पहिलीच्या लेकराला अ आ इ शिकवता येत नाही? मग दोन वर्षं शिकवलं काय तुला?” त्यावर लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक हळूच बाजूला घेऊन विचारतात, “संस्थेत बघितलं का? काय आकडा चाललाय?” आकडा ऐकला की आमचे हे लगेच पाणी प्यायला निघून जातात.

परवा शेजारच्या घरातली पोरगी आली. सीईटीत नंबर लागलाय, पेढे घेऊन आली होती. पेढा माझ्या हातावर ठेवायच्या आधीच म्हणाली, “काकू, तुमच्या पाठाच्या फायली ठेवल्यात ना?”

मी काही बोलायच्या आत आत्याबाई आतून बाहेर आल्या.

“ने की बाई, सगळ्या ने. पण पलंगाखाली चारमिनार आहे, तो पण न्यायचा. नाहीतर एक फाईल द्यायची नाही.”

पोरगी चारमिनार उचलून गेली. फायली न्यायला तिचा भाऊ संध्याकाळी गाडी घेऊन येणार आहे.