दोन बॅटऱ्या, तरी गाडी ढिम्म

आज सकाळी माझ्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाडीने मान टाकली. टाकीत पेट्रोल आहे. मागच्या सीटखाली ती दोनशे व्होल्टची थोरली बॅटरी आहे, आणि तीही भरलेली, काल रात्री उतरताना पडद्यावरच्या पट्ट्या मीच मोजल्या होत्या. (हो, मोजते मी. पुढे येईलच ते.) तरी गाडी ढिम्म. का, तर बारा व्होल्टची ती धाकटी बॅटरी उतरली! धाकटी उठणार, कॉम्प्युटरला जागं करणार, रिले, म्हणजे थोरलीचा खटका, ओढणार, मग थोरल्या बाईसाहेब कामाला लागणार. तिजोरी भरलेली आणि किल्लीवाला घोरतोय.

बरं, ही धाकटी ठेवलीय कुठे? डिकीत. डिकी कशावर उघडते? विजेच्या बटणावर. आणि त्या बटणाला वीज कोण देतं? धाकटी! ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं, त्याला एकदा घाईच्या वेळी, एका खांद्यावर लॅपटॉप आणि दुसऱ्या खांद्यावर पर्स लटकवून माझ्या जागी उभा करा.

डिकीचं सोडा, आधी दारच उघडेना. रिमोटच्या पोटात एक खरीखुरी किल्ली लपलेली असते एवढं माहीत होतं, ती बाहेर कशी काढायची ते नव्हतं. अंगठ्याचं नख गेलं तेव्हा किल्ली आली. मग ग्लव्हबॉक्समधून ती जाडजूड पुस्तिका काढली आणि रस्त्याकडेला बसून वाचली. बॉनेट उघडा, फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, आत लाल टोपी दिसेल, तिच्याखालच्या टोकाला केबल लावा. म्हणजे सोय आहे हो! फक्त ती सापडेपर्यंत माणसाची मीटिंग संपते.

वीज शेवटी दिली कुणी, तर शेजारच्या काकांच्या पंधरा वर्षं जुन्या डिझेल गाडीने. तीच, जिच्या धुरावरून मी त्यांना दोनदा ऐकवलंय. काका केबल लावता लावता म्हणाले, "अगं, पण ही तर बॅटरीवर चालते ना?" मी गप्प. वर, "असू दे, उद्या माझी बंद पडली तर तू दे." आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी उठवायला त्या पुस्तिकेत चक्क मनाई आहे? "हो हो, नक्की," म्हटलं.

आणि ते "चार्जिंग कुठे करतेस?" विचारणारे! टोयोटाची हायब्रिड प्रियस जपानमध्ये १९९७ साली आली, लोकांनो. एवढ्या वर्षांत एवढं तरी कळायला हवं होतं की साध्या हायब्रिडला प्लग नसतो. ब्रेक दाबला की मोटरच जनित्राचं काम करते, एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते, उरलेलं इंजिन भरतं. संपलं. भिंतीत काही खुपसायचं नाही.

पण लोकांना तरी काय बोलणार, विकणाऱ्यांनीच घोळ घालून ठेवलाय. इंजिनाला जरा हात देणारी ४८ व्होल्टची छोटी मोटर बसवली, की मागे 'हायब्रिड'चा बिल्ला! अशा बहुतेक 'माइल्ड हायब्रिड' नुसत्या विजेवर हातभरही सरकत नाहीत. आणि भिंतीतून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी तर हसूच नये. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरची खरी आकडेवारी काढली, तर प्लग-इन गाड्यांचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण प्लग असतो, तो लावायचा कंटाळाही असतो.

आमचा मेहुणा वेगळाच. जेव्हा भेटेल तेव्हा "हायवेला काय फायदा?" त्याचं खरं आहे, हेच तर सहन होत नाही. एका वेगाने तासन् तास गेलं की ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? ही गाडी खरी कमावते ती दर वीस पावलांवर थांबणाऱ्या गर्दीत, जिथे साधी पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तेल पिते. तशा गर्दीत रोज जाणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी, आजही हेच सांगेन.

मीही त्याच गर्दीसाठी घेतली होती. आणि मग ऑफिसने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं.

एक्सेलमध्ये शीट आहे माझी. जास्तीचे मोजलेले पैसे पेट्रोलमधून कधी वसूल होणार, त्याचा रकाना पूर्वी पाच वर्षं दाखवायचा. आता एकोणीस दाखवतो. तरी मी सिग्नलवरून गोगलगायीसारखी निघते, इंजिन लागू नये म्हणून. मागचे हॉर्न मारोत. नवऱ्याने एसी एक अंशाने कमी केला तर इंजिन बंद असल्याचं सांगणाऱ्या त्या हिरव्या दिव्यासाठी भांडते. लग्नाच्या वाढदिवशी भांडलेय.

आणि धाकटी उतरली का, तर काल रात्री मागच्या सीटवर पडलेलं कानातलं शोधायला मी छताचा दिवा लावला, आणि तो तसाच जळता ठेवून घरी गेले. थोरलीच्या पट्ट्या मोजून. डोक्यावरचा दिवा मात्र दिसला नाही.

काका म्हणाले, आता अर्धा तास चालू ठेव, भरेल. म्हणून 'रेडी'चा, म्हणजे गाडी चालू असल्याचा, दिवा लावून आत बसले. इंजिन नाही, आवाज नाही, काही नाही. पाच मिनिटांनी काचेवर टकटक. काका, हातात केबल घेऊन.

"परत बंद पडली का गं?"