खुलासा : क्राक दे शेव्हालिए १२७१ मध्ये पडला होता

सीरियातल्या क्राक दे शेव्हालिए किल्ल्याच्या फोटोसोबत ‘हा किल्ला कुणालाच कधी जिंकता आला नाही’ असा मजकूर दुर्गप्रेमींच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

११८८ मध्ये इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन वेढा न देता पुढे गेला, एवढं खरं. पण एप्रिल १२७१ मध्ये इजिप्तच्या मामलूक घराण्यातल्या सुलतान बैबर्सने किल्ला घेतला. त्याने केलेल्या डागडुजीचा अरबी शिलालेखच तिथल्या भिंतीवर आहे. आजच्या लेबननमधल्या त्रिपोलीच्या ख्रिस्ती राज्याची सरहद्द आणि होम्सहून समुद्राकडे जाणारी वाट राखणारा हा किल्ला ११४२ पासून हॉस्पिटलर या ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाकडे होता. अखेरच्या काळात शिबंदी फार घटली, मग ती दुहेरी तटबंदी लढवणार कोण? बांधकाम मात्र अप्रतिमच, त्याला खोट्या बिरुदाची गरज नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.