आजीची अकरा बाळंतपणं आणि चवथीचा एक मेसेज

चवथ जवळ आली की एक मेसेज फिरू लागतो. यंदा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. तिघेही मला वडीलधारे आहेत आणि तिघांबद्दलही मला माया आहे, म्हणून नुसता अंगठा दाखवून पुढे जाववत नाही. मेसेज थोडक्यात असा: ‘आमच्या आजीला दहा मुलं होती, तरी ती कधी थकली नाही. ना डॉक्टर, ना सोनोग्राफी, ना सिझेरियन. टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता, माणसांना माणसं हवी होती. आजच्या शिकलेल्या मुलींना एक मूलसुद्धा जड होतं. म्हणून गोव्यातली घरं ओस पडली. माटोळी बांधायला हात उरले नाहीत.’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळापानांची चौकट.)

यातली एकेक गोष्ट घेते.

‘आजीला दहा मुलं होती’

आमच्या डिचोलीच्या घरी माडीवरच्या पेटीत आजोबांची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, कडा कसरीने खाल्लेल्या. पुढून कुळांकडून आलेल्या भाताचा हिशेब आणि मागून मुलांची जन्मटिपणं. शके १८५० ते शके १८७२, म्हणजे १९२८ ते १९५०, अशा अकरा नोंदी. तिथी, वार, नक्षत्र, घटका, पळं, सगळं नीट. त्यातल्या सहा नोंदींच्या समासात आणखी एकेक तिथी आहे, बारीक अक्षरात. एका ठिकाणी जन्माची तिथी आणि समासातली तिथी यांत फक्त आठ दिवस आहेत. ‘यशोदा’ हे नाव दोनदा येतं. पहिली यशोदा तीन वर्षांची होऊन देवीत गेली, मग पुढच्या मुलीला पणजीचं तेच नाव पुन्हा ठेवलं. आणि सातव्या नोंदीत ‘धोंडू’. बाकी सगळी देवादिकांची नावं, मधेच हा धोंडू कुठून आला? त्याच्या आधीचे लागोपाठ दोन मुलगे गेले होते. हा तरी राहावा, सटवीची नजर याच्यावर पडू नये, म्हणून दगडाचं नाव. भिकू, धोंडू, केरू, दगडू ही नावं तुमच्याही घराण्यात दोन पिढ्या मागे सापडतील. ज्या आईबापांनी ती ठेवली, त्यांनी त्याआधी काय सोसलं असेल ते त्या नावातच आहे.

आमच्यात ‘आजीची अकरा’ असं कौतुकाने म्हणतात. वाढली पाच. समासातल्या सहा तिथ्यांचं नाव कुणी काढत नाही.

हे आमच्याच घरचं दुर्दैव होतं असं समजू नका. गोव्याची शिरगणती पाहा. १९०० साली इथली लोकसंख्या सुमारे पावणेपाच लाख होती. १९६० साली ती पाच लाख नव्वद हजारांच्या आसपास पोचली. साठ वर्षांत सव्वापट. प्रत्येक जोडप्याची आठ-दहा मुलं जगून मोठी झाली असती, तर एका पिढीतच माणसं चौपट-पाचपट झाली असती. काही माणसं मुंबईला गेली, काही आफ्रिकेत, काही जहाजांवर, हे खरंच आहे. पण एवढा मोठा फरक नुसत्या परगावी गेलेल्यांनी भरून निघत नाही. १९१० ते १९२१ या काळात तर गोव्याची लोकसंख्या घटलीच. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ त्याच काळातली. तेव्हा जन्म पुष्कळ होते आणि मरणंही पुष्कळ. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातला अर्भकमृत्यूचा, म्हणजे वर्षाच्या आत बाळं दगावण्याचा, दर हजारी ५.६ आहे. १९७१ साली भारताचा हाच दर हजारी १२९ होता, आणि वहीतल्या नोंदी त्याच्याही आधीच्या.

पाच हवीत तर दहा झाली पाहिजेत, हा हिशेब कुणी कागदावर मांडला नव्हता. पण सगळ्यांना तो ठाऊक होता.

‘ती कधी थकली नाही’

ती थकत होती. सांगायची सोय नव्हती, एवढंच. माझी आत्या सांगते, आजी पहाटे उठून विहिरीवर जाताना कमरेला लुगड्याची चिंधी घट्ट आवळून बांधायची, कारण पाचव्या-सहाव्या बाळंतपणानंतर तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येऊ लागलं होतं. तशीच ती भात कांडायची. हे दुखणं आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांनी कुणाला न सांगता चाळीस-चाळीस वर्षं काढलं, ते त्यांना न्हाऊ घालणाऱ्या सुनांना विचारा.

घरी बाळंतपण होई ते वयजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, हातून. गावची वयजीण हुशार होती, मायेची होती, तिच्याविषयी मला आदरच आहे. पण आडवं आलेलं मूल, न थांबणारा रक्तस्राव, झटके, यांपुढे तिच्याकडे काही नव्हतं. नाळ कापायची विळी उकळून घ्यावी हेही बहुतेक ठिकाणी माहीत नव्हतं, त्यातून बाळाला धनुर्वात होई. आठव्या दिवशीची ती समासातली तिथी बहुधा धनुर्वाताची. हा आजार पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच बाळाला नेतो, आणि घरचे म्हणत सटवीने नेलं.

आता बाळंतिणी. १९४६ साली भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज होता. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे हा आकडा आपला नव्हे. पण पेडण्याच्या वयजिणीची विळी आणि वेंगुर्ल्याच्या सुईणीची विळी यांत काय फरक असणार? शंभरात दोन म्हणजे थोडं वाटतं. आठ वेळा तोच धोका घ्यायचा म्हटलं की सहा-सात बायकांमागे एक त्यातच जाते. जुन्या घरांत दुसरेपणावर दिलेल्या एवढ्या आज्या, पणज्या का दिसतात, त्याचं एक कारण हेच. ज्या दणकट होत्या त्या वाचल्या, आणि वाचल्या त्यांनाच आपण पाहिलं.

सिझेरियनबद्दल मात्र मेसेज पाठवणाऱ्यांचा राग मला पटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातली जवळजवळ ४० टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत. हे प्रमाण फार आहे, आणि त्यावर डॉक्टरांना जाब विचारायलाच हवा. त्यासाठी विळीच्या काळाचे गोडवे गायला नकोत.

‘माणसांना माणसं हवी होती’

हवी होतीच. लावणीला, मळणीला, गुरांमागे, काजूच्या हंगामात बिया गोळा करायला. सात वर्षांचं पोर घरात खाई त्यापेक्षा जास्त काम करी. कुळाच्या, किंवा भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराच्या घरी तर मुलांचे हात हीच मिळकत. म्हातारपणी पेन्शन नव्हती, गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना नव्हती. मुलगा हीच योजना, आणि एकच मुलगा असेल तर साथीचा भरवसा कोण देणार? आज तोच मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होईपर्यंत शिकतो, खर्च आईबापांचा. यात माया कमी झाली असं मला कुठे दिसत नाही. उलट एका मुलाच्या वाट्याला आज जेवढं लक्ष येतं, तेवढं धोंडूकाकाला कधी मिळालं नाही, असं तो स्वतः म्हणायचा.

पण ‘हवी होती’ या शब्दापाशी मला थांबावंसं वाटतं. कुणाला हवी होती? आजीला कुणी विचारलं होतं? तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. ब्रिटिश हद्दीत १९२९ साली बालविवाह रोखणारा शारदा कायदा आला, तो गोव्याला लागू नव्हता. इथे डिसेंबर १८८० चं पोर्तुगीज फर्मान होतं, गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी लेखी करणारं. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याने दुसरं लग्न करावं, अशी मुभा त्यात दिलेली होती. बायकोची संमती लागे, असं म्हणतात. पण माहेर दुरावलेल्या, हातात पैसा नसलेल्या बाईच्या संमतीला किती अर्थ असेल? मुलगा होईपर्यंत, आणि झालेला जगेल याची खात्री पटेपर्यंत बाळंतपणं चालू राहत, ती या टांगत्या तलवारीखाली.

नको असलेली बाळंतपणं टाळायचे उपाय सांगण्यासाठी र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र उघडलं, आणि आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही बायकांना पाळणा थांबवायचा होता. थांबवायची रीत त्यांच्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती. भारत सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, पण गोव्यात तो यायला १९ डिसेंबर १९६१, गोव्याच्या मुक्तीचा दिवस, उजाडून जावा लागला. लाल त्रिकोण, निरोध, तांबी आणि ‘ऑपरेशन’ हे शब्द इथल्या घरांत शिरले ते त्यानंतर.

‘टीव्ही नव्हता’

फ्रान्समध्ये मुलांची संख्या घटू लागली ती अठरावं शतक सरता सरता, आणि इंग्लंडमध्ये १८७० नंतर. तेव्हा टीव्ही तर सोडाच, घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता.

‘आजच्या शिकलेल्या मुलींना मूल जड होतं’

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हा आरोप आमच्या भाच्या-पुतण्यांवर आहे आणि त्या ग्रुपवर गप्प बसून तो वाचतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ ची. तेव्हा देशात एका बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती. गोव्यात १.९. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच आपण दोनच्या खाली उतरलो होतो. आज ज्या मुलींना बोल लावला जातो, त्यातल्या कितीतरी तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. गोव्यात कुटुंब लहान केलं ते १९७० आणि ८० च्या दशकांत संसार करणाऱ्यांनी. जे आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांनी. मेसेज टाकणाऱ्या आमच्या तिन्ही वडीलधाऱ्यांना दोन-दोनच मुलं आहेत, आणि त्यांनी फार चांगलं केलं. मुक्तीच्या वेळी गोव्यात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात तीसेक होती. मग गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांत पहिल्यांदा पाटी हातात धरलेल्या मुलींनी पुढे हा निर्णय घेतला. तो त्यांचा पराक्रम आहे. मुलींच्या पिढीवर दोष म्हणून तो ढकलू नये.

२०१९-२१ च्या फेरीत गोव्यात एका बाईमागे मुलांचा हा आकडा १.३ वर आला, देशातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. याची काळजी मलाही वाटते. म्हाताऱ्यांकडे पाहायला माणूस नाही, हे मी रोज बघते. पण पुतणीशी बोलले तेव्हा तिने मूल जड होतं असं सांगितलं नाही. पर्वरीतल्या फ्लॅटचं भाडं, कंत्राटी नोकरी, पाळणाघर नाही, आणि सासू स्वतःच अजून कामाला जाते, असं सांगितलं. दुसरं मूल हवं आहे तिला.

‘घरं ओस पडली’

लोकसंख्या १९६० च्या अडीचपट झाली आहे. घरं बंद आहेत ती माणसं मुंबई, आखात, इंग्लंड गाठून बसली म्हणून, आणि एकेका घराला चाळीस वाटेकरी असल्यामुळे कौल बदलायलाही सही मिळत नाही म्हणून. ते चाळीस वाटेकरी आले कुठून? त्या दहा-दहा मुलांच्या घरांतूनच.

माटोळीला हात कमी पडतात, हे खरं. यंदा आमच्याकडे ती दोन जावयांनी आणि पुतणीने मिळून बांधली.

वहीत नाही अशी एक गोष्ट सांगायची राहिली. १९७९ साली, माझ्या धाकट्या बहिणीनंतर, आईने ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. दोन्ही मुलीच, म्हणून घरात फार बोलणी झाली. मुलगा झाल्याशिवाय नाही, असं आजोबांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आईला म्हापशाच्या इस्पितळात घेऊन गेली ती आजी. अकरा बाळंतपणं झालेली, सहासष्ट वर्षांची. पितळी डब्यात पेज आणि आंब्याची मिसकूट घेऊन ती खाटेपाशी बसून होती, आणि नर्सने नातं विचारलं तेव्हा ‘आई’ म्हणाली.