फोटो ग्राहकाच्या हाती देण्याविषयी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत नवोदितांसाठी लिहिलेला एक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : गूगल ड्राइव्हची लिंक पाठवतो तो हौशी, खरा व्यावसायिक पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन गॅलरीतूनच फोटो देतो, पेनड्राइव्ह कालबाह्य झाला आहे, एडिट केलेली फाइल सॉफ्टवेअरमधून शंभर टक्के क्वालिटीनेच काढावी, त्याहून लहान फाइल म्हणजे ग्राहकाची फसवणूक, फोटोंचा हक्क (कॉपीराइट) कायद्याने आपलाच असल्यामुळे डाउनलोड बंद ठेवून प्रत्येक फोटोचे वेगळे पैसे घ्यावेत, आणि फोटो एकदा गॅलरीत चढले की बॅकअपची काळजी संपली. माझ्याकडे काम शिकणाऱ्या एका मुलाने हा संदेश वाचला आणि पहिल्या दोन ऑर्डरींच्या अ‍ॅडव्हान्समधून एका परदेशी गॅलरीची वर्षभराची वर्गणी भरण्याची तयारी केली. त्याला त्या वेळी दुसरी बॅटरी आणि दोन भरवशाची मेमरी कार्डे यांची कितीतरी जास्त गरज होती. म्हणून या संदेशातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा ड्राइव्हच्या लिंकचा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली जेपीईजी, म्हणजे ग्राहकाला द्यायच्या तयार फोटोची, फाइल जशीच्या तशी राहते, तिच्यात कसलीही घट होत नाही. गोंधळ होतो तो गूगल फोटोजमुळे, कारण तेथे जागा वाचवण्याचा पर्याय निवडला असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो. मोफत मिळणारी १५ जीबी जागा ड्राइव्ह, फोटोज आणि जीमेल यांना मिळून असते आणि ती भरली की नवे ईमेल येणेही थांबते, त्यामुळे व्यवसायासाठी स्वतंत्र खाते उघडावे, हे मी प्रत्येक नवोदिताला पहिल्याच दिवशी सांगतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील, नीट काढलेली फाइल सरासरी ६ एमबी धरली तर निवडून एडिट केलेल्या ८०० फोटोंचे लग्न ५ जीबीच्या आत बसते. वर्षाला दहा-बारा लग्ने होऊ लागली की १०० जीबीची जागा महिना १३० रुपयांच्या आसपास मिळते. ज्याची वर्षाची कमाई अजून स्थिरावलेली नाही, त्याला हा खर्च पेलतो.

सशुल्क गॅलरीत एक खरा गुण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही : अल्बमसाठी फोटोंची निवड तेथे सोपी होते. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे वडीलधारे आपापल्या मोबाइलवर फोटो पाहून खुणा करतात आणि ती यादी फोटोग्राफरला तयार मिळते. ड्राइव्हमध्ये ही सोय नाही. शिवाय मोठा फोल्डर उतरवताना ड्राइव्ह त्याचे अनेक झिप, म्हणजे फाइल एकत्र बांधून केलेले, तुकडे करते, आणि मोबाइलवर ते उघडताना घरच्या मंडळींची तारांबळ उडते. परंतु या गुणासाठी वर्गणी भरलीच पाहिजे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पिक्सीसेटसारख्या ऑनलाइन गॅलरीच्या सेवेत ३ जीबी जागा मोफत आहे. निवडीसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून काढलेला फोटो एक एमबीच्या आत बसतो, म्हणजे दीड-दोन हजार फोटो तेथे सहज मावतात, आणि निवड झाली की ते पुसून पुढच्या ऑर्डरीसाठी तीच जागा वापरता येते. जो अगोदरच अ‍ॅडोबीच्या लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरची वर्गणी भरतो, त्याला लाइटरूमचा वेब अल्बम त्याच पैशांत मिळतो. मात्र लाइटरूम क्लासिक या त्याच्या संगणकावरील आवृत्तीतून सिंक केलेले, म्हणजे आपोआप वेबवर चढवलेले, फोटो स्मार्ट प्रिव्ह्यू म्हणून, म्हणजे लांब बाजू २५६० पिक्सेल अशा आकारात जातात, हे लक्षात ठेवावे; ते निवडीला उत्तम, पण अंतिम डेटा म्हणून देण्याजोगे नाहीत. निवड एका ठिकाणी आणि अंतिम फाइल दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी असते.

आता ज्या गोष्टीबद्दल तो संदेश एक शब्दही बोलत नाही, ती गोष्ट सांगतो, कारण ग्राहकाला व्यावसायिकपणा जाणवतो तो तेथेच. दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या लग्नात दोन्हीकडे त्याच क्रमांकांच्या फाइल असू शकतात, आणि ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजू लागतो. असा डेटा तसाच दिला तर एकच क्रमांक दोन फोटोंना लागतो, आणि अल्बममध्ये सप्तपदीच्या जागी हळदीचा फोटो जाऊ शकतो. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे मिनिट-सेकंदापर्यंत जुळवावीत, नंतर सर्व फोटो टिपल्याच्या वेळेनुसार लावून त्यांना एकच सलग क्रमांक द्यावा, आणि साखरपुडा, हळद, विधी, स्वागतसमारंभ असे फोल्डर करावेत. डिजिकॅमसारखी मोफत सॉफ्टवेअर हे काम पूर्णपणे करतात. फाइलच्या आतील माहितीत आपले नाव आणि फोन क्रमांकही भरून ठेवता येतो, म्हणजे पाच वर्षांनी कोणाच्या लॅपटॉपवर तो फोटो सापडला तरी तो कोणी काढला हे कळते. घरातील आजीलाही क्रमांक वाचून वहीत टिपता येतो. निवडीची ही जुनी पद्धत आजही अनेक घरांत सर्वांत बिनचूक ठरते.

पेनड्राइव्हबद्दलचे विधान ज्याने लिहिले, त्याने गावाकडची कामे फारशी केलेली नसावीत. अनेक घरांत जेवणानंतर सर्वजण मिळून टीव्हीवर फोटो पाहतात, आणि तेथे लिंकपेक्षा पेनड्राइव्ह सोयीचा असतो. तो देताना दोन काळज्या घ्याव्या लागतात. जुने टीव्ही बहुधा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, म्हणून लग्नाची फिल्म तुकड्यांत द्यावी किंवा दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या वेगळ्या पेनड्राइव्हवर द्यावी. दुसरे म्हणजे, बाजारात क्षमता खोटी दाखवणारे पेनड्राइव्हही मिळतात; त्यामुळे फोटो भरल्यानंतर ते उघडून पाहिल्याशिवाय ग्राहकाच्या हाती देऊ नये. पेनड्राइव्ह हे कायमचे साठवण नव्हे, हेही ग्राहकाला सांगावे.

फाइलच्या क्वालिटीचा मुद्दा लवकर संपतो. जेपीईजी १०० क्वालिटीने काढली तर ती ८५ क्वालिटीच्या फाइलपेक्षा बहुधा दुपटीहून मोठी होते, पण छापलेल्या १२ बाय १८ इंचाच्या फोटोत डोळ्यांना फरक दिसत नाही. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, २० इंच रुंदीपर्यंत छापता येतो, म्हणजे उघडल्यावर १२ बाय ३६ इंच होणाऱ्या अल्बममधील अर्ध्या भागाला, एका पानाला, तो पुरून उरतो. फाइलचा फुगलेला आकार सांभाळण्यापेक्षा कलर स्पेस, म्हणजे फाइलमधील रंग नोंदवण्याची पद्धत, बहुतेक पडद्यांना चालणारी एसआरजीबी ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत दिलेला फोटो अनेक पडद्यांवर फिका दिसतो आणि शालूचा लाल रंग मेल्यासारखा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा झाल्यास तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो लहान होत नाही. २०२२पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. दोन-चार तातडीच्या फोटोंसाठी हा मार्ग योग्य आहे, संपूर्ण कामासाठी नाही.

हक्काविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यावर विसंबून एखादा नवोदित ग्राहकाशी वाद घालून बसेल. अमेरिकेत सर्वसाधारणपणे फोटोग्राफर हाच फोटोंच्या हक्काचा मालक राहतो, आणि हा सल्ला तिकडून जसाच्या तसा आलेला दिसतो. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ वेगळे सांगते : एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, ते काम सांगणारी व्यक्ती असते. म्हणजे लेखी करार न करता लग्नाचे पैसे घेतले असतील, तर हक्क यजमानांकडे जातो, आणि त्यांचेच फोटो अडवून प्रत्येकी जास्त पैसे मागणे कायद्याच्याही विरुद्ध आणि नात्याच्याही विरुद्ध आहे. ज्याला फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत किंवा स्पर्धेत वापरायचे आहेत, त्याने अ‍ॅडव्हान्स घेतानाच तसे एका पानाच्या करारात लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. डाउनलोड बंद ठेवण्यामागची खरी भीती उरलेले पैसे बुडण्याची असते, आणि ती भीती निराधार नाही. मीही ते सोसले आहे. त्यावर साधा उपाय असा की निवडीचे लहान फोटो आधी द्यावेत आणि पूर्ण आकाराच्या फाइल शेवटचा हप्ता आल्यावर द्याव्यात, मात्र हेही त्याच करारात लिहिलेले असावे.

राहिला बॅकअप. गॅलरीत असतात त्या तयार जेपीईजी. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातील मूळ, एडिट न केलेल्या फाइल, तेथे बहुधा नसतातच, त्यामुळे एखादा फोटो पुन्हा एडिट करायचा झाल्यास गॅलरीचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय भाड्याची जागा आपल्या हातात नसते. मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने वीट्रान्सफर ही फाइल पाठवण्याची सेवा बंद करण्याचे आदेश दिले, तेव्हा पाठवलेल्या लिंक अनेकांना उघडता येईनात. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, आणि परदेशी सेवांचे अनेक हप्ते अडकले. हप्ता अडकला की गॅलरी बंद पडण्याची वेळ येते, आणि ग्राहक फोन करतो तो आपल्याला. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम नवोदितालाही परवडतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. संगणकात एक प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, आणि ड्राइव्हवर निवडलेल्या फोटोंची तिसरी, एवढ्याने सुरुवात होते. ग्राहकाने फोटो मिळाल्याचे लेखी कळवेपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये.

लिंक ‘कायमची’ राहील असे आश्वासनही कोणी देऊ नये. मी ग्राहकाला डेटा देताना लिंक नव्वद दिवस चालू राहील, तोपर्यंत सर्व फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत, असे स्पष्ट लिहितो, आणि ऐंशीव्या दिवशी स्वतः फोन करून त्यांनी ते उतरवले आहेत का, हे विचारतो.