शनिवारची संध्याकाळ

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं: येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. तबक आमच्या ओळीत आलं तेव्हा माझ्या शेजारच्या ताई उठल्या आणि लेकराला पाणी पाजायचं निमित्त करून बाहेर गेल्या. लेकराला तहान लागलेली नव्हती. पुढच्या ओळीत दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी प्याला उचलला, पण हात इतका थरथरत होता की द्राक्षरसाचे दोन थेंब पांढऱ्या साडीवर पडले. या दोघींचं बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पाळकसाहेबांनाही. आशीर्वाद झाला, चहा झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

मंडळीचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. गोव्यात मराठी उपासना चालणाऱ्या मंडळ्या थोड्या आहेत, त्यामुळे कुणी ओळखेलही. पण गप्प बसणं आता मला जमत नाही. इथे २०११च्या जनगणनेप्रमाणे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, आणि त्यातले बहुतेक कॅथलिक. मिरज, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडून नोकरीसाठी आलेली आमची प्रोटेस्टंट कुटुंबं म्हणजे मूठभर माणसं. त्यात दोन सेविका वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, म्हणजे अख्खी मंडळी दुभंगली.

झालं ते एवढंच. पहिल्या ताई आमच्या प्रचारकांच्या पत्नी. आठ वर्षं त्यांनी मजुरांच्या वस्तीत संडेस्कूल चालवलं. पगार नाही, मानधन नाही. त्यांची हजेरीची वही मी पाहिली आहे. खाकी कव्हर, प्रत्येक पोराच्या नावापुढे लाल शाईचा तारा, आणि जी पोरं गावी परत गेली त्यांच्या नावापुढे 'प्रभू सांभाळो'. दुसऱ्या बाईंना दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका संस्थेने इथे पाठवलं. बाई कष्टाळू आहेत, एकट्या राहतात, तापातही वस्तीत जातात. नाताळात त्यांनी पोरांना स्वेटर वाटले, बॅनर धरून फोटो काढला आणि संस्थेला अहवाल पाठवला. अहवाल संस्थेच्या अंकात छापून आला. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्या नव्या कामाचं फळ'. ताईंचं नाव कुठेच नव्हतं.

ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी संडेस्कूलच्या कपाटाची किल्ली त्यांच्या पदराच्या पिनेला नव्हती. 'घरी राहिली,' म्हणाल्या. त्यापुढच्या रविवारीही घरीच राहिली. पेटी कपाटात, गाण्यांची पुस्तकं कपाटात. बाईंनी मुलांना टाळ्यांवर गायला लावलं आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांकडे तक्रार केली. पंचांनी 'दोघींसाठी प्रार्थना करू या' असा ठराव केला.

माझं दुखणं इथे आहे. आपल्यात भांडण होतं याचं मला नवल वाटत नाही. एकाच आवारात राहायचं, तुटपुंज्या पैशात भागवायचं, कुणाचं काम कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं हे कुणी लिहून दिलेलं नसतं, आणि बाप्तिस्मे किती झाले, बाया किती जमल्या याचा हिशेब वर पाठवायचा. अशा ठिकाणी भांडणं होणारच. माझी आई मिशनची बायबलबाई होती, म्हणजे बायकांना बायबल वाचून दाखवणारी सेविका. विहिरीच्या रहाटावरून आणि क्वार्टरच्या खोलीवरून मोठमोठे प्रचारक कसे ताणून धरतात ते मी लहानपणीच पाहिलं. पण तेव्हा माणसं ओरडून भांडत आणि संध्याकाळी कुणीतरी मध्ये पडे. आता आपण आवाज चढवत नाही. आपण प्रार्थनेचा विषय देतो. 'बहिणींनो, अमक्या ताईंच्या मनात कडवटपणा आलाय, त्यांच्यासाठी गुडघे टेका.' व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाकलं की अर्ध्या तासात चहाडी गोवाभर पोचते, आणि टाकणारीचा हात मात्र स्वच्छ. असा एक निरोप मीही पुढे पाठवला होता. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे मी ताईंना विचारलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आहे.

शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. पौल आणि बर्णबा हे पहिल्या काळातले दोन प्रचारक मार्क नावाच्या तरुणाला सोबत न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात हे सरळ लिहिलंय, कुणी झाकलेलं नाही. आणि तोच पौल म्हातारपणी तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघी सेविकांचं बिनसलं होतं. त्यांची नावं पौलाने भर मंडळीत वाचल्या जाणाऱ्या पत्रात घातली. 'विनंती करतो' हा शब्द तो दोनदा लिहितो, एकीला एकदा, दुसरीला एकदा, म्हणजे कुणाचीच बाजू घेतली असं वाटू नये. आणि तिथेच तिसऱ्या एका सोबत्याला सांगतो, या दोघींना साहाय्य कर. नुसती प्रार्थना कर असं तो लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट मी गेले काही महिने ज्याला त्याला सांगत सुटले आहे. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी आपल्याला ठाऊक आहेत. १८०० च्या जानेवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला केरी, त्यांचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड, आणि त्यांची कुटुंबं एका छपराखाली, एका पंगतीत राहू लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराचे नियम केले. उपदेश पाळीपाळीने, घरकारभार महिन्या-महिन्याने, पैसे आणि औषधाची पेटी केरींकडे. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवायला, एकमेकांवर प्रीती करण्याचं वचन पुन्हा द्यायला राखून ठेवली. वॉर्ड यांनी रोजनिशीत हे नोंदवलं आहे. छापखान्याची शाई अजून वाळायची होती, आणि या माणसांनी भांडणाला वेळ नेमून दिली होती! रविवारच्या आधीचा दिवस निवडला, यातच सगळं आलं.

हे वाचून कुणी म्हणेल की मग तिथे सगळं गोडीगुलाबीने चाललं असेल. तसंही नाही. पुढे इंग्लंडहून तरुण मिशनरी आले. मालमत्ता कुणाची, अधिकार कुणाचा, यावरून जुन्या-नव्यांचं फाटलं. १८१७च्या सुमारास तरुणांनी कलकत्त्याला वेगळी चूल मांडली. त्यात केरींचा सख्खा पुतण्याही होता. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि त्यांना पाठवणारी लंडनची मिशनरी सोसायटी यांची फारकत झाली. ती मिटली १८३७ मध्ये, आणि केरी १८३४ लाच वारले होते. पहिल्या तिघांची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. शनिवारी समोरासमोर बसलेली माणसं ती, असं मला वाटतं.

इथे एक सांगितलंच पाहिजे. 'प्रीतीने घ्या' हे वाक्य आपल्याकडे नेहमी दुबळ्यालाच ऐकवतात. काही भांडणं अन्यायाची असतात. जुन्या गोव्याहून फोंड्याकडे येताना संत पावलाच्या कॉलेजची एकटी कमान उभी दिसते. त्या कॉलेजचा रेक्टर अंतोनियु गोमिश याने इथल्या मुलांना बाहेर काढलं होतं. फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये परत आले तेव्हा त्यांनी त्याला समजुतीच्या गोष्टी सांगत बसायचं सोडून पदावरूनच दूर केलं. आपल्या पंडिता रमाबाईही तशाच. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनीच त्यांना ख्रिस्ती जीवनात हात धरून नेलं. पण रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या खाली मान घालून बसल्या नाहीत. पत्रांतून त्या कडक शब्दांत वाद घालत, आणि त्याच सिस्टरना 'आजीबाई' म्हणत. ती पत्रं सिस्टरनी जपून ठेवली. बोलणारी माणसं आपली वाटत असतील तरच कुणी अशी पत्रं जपतं.

म्हणून आमच्या पंचांना माझं म्हणणं असं आहे. आधी त्या संस्थेला पत्र लिहा आणि आठ वर्षांचं काम कुणाचं होतं ते पुढच्या अंकात छापायला लावा. हा ताईंचा हक्क आहे, त्यासाठी त्यांना क्षमाशील व्हायला सांगू नका. किल्ली मंडळीची आहे, ती ताईंनी परत द्यावी. पोरांची गाणी बंद पडावीत इतका राग कुणाचाही मोठा नाही. बाईंनाही एक विचारावं लागेल: अहवाल त्यांनी लिहिला, की त्यांनी पाठवलेल्या ओळींवर कुणी दुसऱ्याने कात्री चालवली? वर्षभरात हा प्रश्न त्यांना एकाही माणसाने विचारलेला नाही. आणि यापुढे प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, सहा ते सात, ज्याला ज्याच्याबद्दल काही म्हणायचंय त्याने त्याच्या तोंडावर म्हणावं, शेजारी एक तिसरं माणूस बसवून. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातही प्रभू आधी समोरासमोर बोलायलाच सांगतो. आधी दोघं एकांतात, मग एकदोन सोबती, आणि मंडळी त्यानंतर.

पंच म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मी बैठकीची वाट पाहणार नाही. येत्या शनिवारी दोघींना माझ्या घरी बोलावलंय. पाळकसाहेबांच्या मिसेसना मध्ये बसायला सांगितलंय, त्या तयार आहेत. ताई येते म्हणाल्या, वही घेऊन येते म्हणाल्या. बाईंचा अजून फोन आलेला नाही. आज संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जाते आहे.