‘घरचं झाड घरीच पाडा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘शेतातलं झाड पाडायला माणसं कशाला? कटर (चेनची करवत) आणा, दोर आणा, मजुरी वाचवा’ अशा थाटाचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि खाली काकांनी लिहिलं, ‘रविवारी बांधावरचं मोठं झाड काढू. पोरांनाही आणा, दोर ओढायला.’ म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा: ‘झाड कललंय तिकडेच पडतं, फक्त खाच घ्या आणि मागून आरपार कापा.’ कलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. पण खोड एकीकडे कललेलं आणि फांद्यांचा भार दुसरीकडे, अशी झाडं काय कमी असतात? आणि ‘आरपार’ हा शब्द तर जीवघेणा आहे. पडायच्या बाजूची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये लाकडाची एक पट्टी न कापता सोडायची असते, खोडाच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी जाड. झाड पडताना तीच बिजागरीसारखी वळते आणि त्याला दिशा देते. ती कापून टाकली की झाडावर कोणाचाच ताबा राहत नाही; ते गिरकी घेतं, नाहीतर बुंध्यावरून मागे सरकतं. फार कललेल्या झाडाची गत आणखी वाईट. चुकीचा काप गेला तर ताणाखालचं खोड मध्येच उभं चिरतं आणि मागची फाळ कापणाऱ्याच्या तोंडावर उसळते.

दुसरा: ‘वीस हात दोर पुरतो, घरच्या चौघांनी ओढायचं.’ वीस हात म्हणजे तीस फूट. झाड चाळीस फुटी धरा, दोर वीस फूट उंचीवर बांधा. ताणलेला दोर तिरका जातो, म्हणजे ओढणारे बुंध्यापासून जेमतेम बावीस फुटांवर उभे. चाळीस फुटांचं झाड त्यांच्याच दिशेने येणार. हिशेब करायला शाळा पुरते हो! आणि हे काम पोरांना द्यायचं?

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. ‘झाड दुसऱ्यात अडकलं तर घाबरू नका, आधाराचं झाडही कापा, दोन्ही एकदम खाली येतील. नाहीतर हलक्या अंगाच्या मुलाला वर चढवून फांदी तोडा.’ अडकलेलं झाड म्हणजे कधी सुटेल याचा भरवसा नसलेलं टनावारी वजन. आधाराचं झाड कापायचं तर माणूस उभा कुठे राहणार? बरोब्बर त्या वजनाखाली. शिवाय त्या झाडावर आधीच भार आहे, ते कापलेल्या दिशेला पडेलच असं नाही. मुलाला वर चढवण्याबद्दल काय लिहावं, मला शब्द सुचत नाहीत.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाचा, म्हणजे ओशाचा, लाकूडतोडीचा नियम आहे, क्रमांक १९१०.२६६. त्यात अडकलेलं झाड थेट धोकादायक झाडांत धरलंय. दुसरं काम सुरू करण्याआधी ते माणसाला कमीत कमी धोका होईल अशा रीतीने, यंत्राने किंवा तशाच दुसऱ्या पद्धतीने काढा; काढता येत नसेल तर खूण करा आणि झाडाच्या दुप्पट उंचीच्या अंतरात कामच करू नका, असं तो सांगतो. बिजागरी सोडायला आणि पळायची वाट आधी मोकळी करायलाही तोच नियम सांगतो. कायदा म्हणून तो आपल्याला लागू नाही, पण झाडं इथेही तशीच पडतात.

वाटेवरून आठवलं. मेसेजमध्ये ‘झाड कडकडलं की सरळ मागे पळा’ असं आहे. सरळ मागे नाही! बुंधा उसळतो तो त्याच बाजूला. पडायच्या रेषेपासून तिरकं मागे जायचं, आणि ती वाट कटर सुरू करण्याआधी झाडून ठेवायची.

‘वाळकं झाड हलकं, सुरुवात त्याच्यापासून करा’ हेही उलटंच. कटरच्या हादऱ्याने वाळक्या फांद्या वरून डोक्यावर येतात आणि कुजलेल्या लाकडाची बिजागरी टिकत नाही. ‘कटरला ब्रेक असतो, हेल्मेट कशाला’ म्हणणाऱ्याला एवढंच: चेनचा ब्रेक चेन थांबवतो, वरून येणारी फांदी नाही.

शेवटचा मुद्दा, ‘लाकूडतोड्यांनाही अपघात होतात, मग त्यांना पैसे का द्यायचे?’ होतात, हे खरंय. कामावर आलेले काही जण चपला घालूनच कटर चालवतात, तेही खरंय. अमेरिकेत २०२२ साली लाकूडतोडीच्या कामात दर लाख कामगारांमागे सुमारे १०० मृत्यू झाले. सगळ्या कामगारांचा मिळून हा आकडा ४ च्याही आत होता. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत असेल, तर त्यातून ‘मग आपणच करू’ हा निष्कर्ष कुठल्या डोक्यातून निघाला?